कामाची रचना आणि कामगारांची दृष्टी

नवे यंत्र बसविले की उत्पादन आपोआप वाढते, असा समज सर्वत्र रूढ आहे. ते यंत्र चालविणाऱ्यांच्या कामाची वाटणी कशी केली आहे आणि ती त्यांना कशी वाटते, याचा विचार मात्र बहुधा मागाहून होतो. या दृष्टीने अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत १९५३ साली झालेला प्रयोग अभ्यासनीय आहे.

दोष कोठे होता?

गिरणीत स्वयंचलित माग आले, तरी अपेक्षित उत्पादन मिळेना. सदोष कापडही कमी होईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी माग खात्याची पाहणी केली. तेथे २२४ मागांवर २९ कामगार होते आणि त्यांची कामे १२ प्रकारांत विभागलेली होती. कोणी विणणारा, कोणी बॉबिन भरणारा, कोणी तेल घालणारा. प्रत्येक प्रकारच्या कामगाराकडे असलेल्या मागांची संख्याही निराळी. विणकराला या सर्वांवर अवलंबून राहावे लागे. परंतु अमुक माग आम्हा सर्वांचे, असे म्हणणारा गट कोठेच नव्हता. दोष कामगारांच्या वृत्तीत नव्हता, रचनेत होता.

कामगारांचा प्रतिसाद

ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी, ही कल्पना मांडली जाताच कामगारांनी व पर्यवेक्षकांनी ती उचलून धरली. गटात कोणी असावे, हेही कामगारांनी आपसांत ठरविले. आरंभीच्या चढउतारांनंतर उत्पादन वाढले आणि सदोष कापडाचे प्रमाण घटले. माग तेच होते, माणसेही तीच होती; बदलली ती कामाची मांडणी.

१९७० मध्ये एरिक मिलर यांनी फेरपाहणी केली, तेव्हा एका ठिकाणी गटपद्धती टिकून होती, तर अन्यत्र ती शिथिल झालेली आढळली. एकदा बसविलेली घडी व्यवस्थापनाने सतत जपावी लागते, हा याचा अर्थ.

कार्यालयांसाठी बोध

ही गिरणी पुढे बंद पडली; प्रयोगाचे महत्त्व मात्र उणावले नाही. नागरिकाचा अर्ज आवक नोंद, छाननी, टिपणी, मंजुरी व जावक अशा अनेक टेबलांवरून जातो. प्रत्येक कर्मचारी आपला भाग चोख करतो, तरी अर्ज रखडतो. कारण संपूर्ण अर्ज कोणाचाच नसतो. राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने समाविष्ट झालेला अनुच्छेद ४३-क उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे तत्त्व सांगतो. त्यामागील विचार कार्यालयांनाही उपयुक्त आहे. कामाची फेरवाटणी करण्यापूर्वी, ते रोज करणाऱ्यांना विचारणे, ही सुधारणेची पहिली पायरी होय.