परिषदेतील भित्तिपत्रक : स्वयंसेवी कामाची मांडणी

परिषदेत निबंध वाचणाऱ्यासमोर श्रोते बसलेले असतात. भित्तिपत्रकापुढे, म्हणजे ज्याला आपण सर्रास पोस्टर म्हणतो त्याच्यापुढे, कोणी बसत नाही. चहाच्या वेळेत प्रतिनिधी फलकांवरून नजर फिरवीत जातात. एखाद्या मजकुराने अडवले तरच थांबतात आणि मग प्रश्न विचारतात. त्यामुळे निबंध आखडून फलकावर चिकटवला की भित्तिपत्रक झाले, हा समज प्रथम दूर ठेवावा.

वर्धा जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केली. तेथील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे समाजसेवा शिबिर जवळच्या एखाद्या खेड्यात भरते. विद्यार्थी सुमारे पंधरा दिवस गावातच राहतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवलेली असतात आणि त्यांचे आरोग्य, आहार व स्वच्छता यांची पाहणी केली जाते. अशा एखाद्या शिबिरावर आपणांस भित्तिपत्रक करावयाचे आहे, असे समजा. बहुतेकांच्या मनात प्रथम येते ते उद्घाटनाचे छायाचित्र, मग पाहुण्यांचा सत्कार आणि अखेरीस 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' हे झिजलेले वाक्य. गावात नेमके काय घडले, हे यांपैकी कशातूनही कळत नाही.

त्याऐवजी एकच प्रश्न निवडावा. समजा, ६० घरांना सांडपाण्यासाठी शोषखड्डा खणण्याविषयी सांगितले. २२ घरांनी तो खणला. पावसाळ्यानंतर पाहिले तेव्हा १५ खड्डे वापरात होते. (आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) फलकावर '२२ शोषखड्डे' एवढेच लिहिले तर पाहणारा मान डोलावून पुढे जाईल. तिन्ही आकडे लिहिले तर तो विचारील, उरलेले ७ का तुंबले? वर्ध्याच्या काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, हे एक कारण असू शकेल. खड्ड्यात विटांचे तुकडे न भरणे, हे दुसरे. यवतमाळहून आलेल्या एखाद्या कार्यकर्त्याने याच अडचणीतून वाट काढलेली असेल, तर तो ती तुमच्या फलकापाशी सांगेल. अपयशाचा आकडा लपवला, तर ही भेट घडणारच नाही. माझ्या मते तो आकडा तळाशी बारीक अक्षरांत न देता मध्यभागी द्यावा.

छायाचित्रांबाबत अधिक सावध राहावे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. अशा कामाचे पत्रक करताना रुग्णाचा चेहरा छापल्यास काय होईल, याचा विचार करा. परिषद दोन दिवसांत संपते. ओळख मात्र गावात उरते. उपचार करणारे समोर उभे असताना 'फोटो नको' म्हणणे कठीण असते, म्हणून संमती नंतर, निवांतपणे आणि फोटो कोठे लावणार हे सांगून घ्यावी. चेहऱ्याशिवाय भागत असेल, तर हातांचे किंवा कामाचे चित्र पुरे.

१९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी ग्रामीण जीवनाची भित्तिचित्रे रंगवली. शेतकरी, कारागीर, वादक हे त्यांचे विषय होते, आणि अधिवेशनाला येणाऱ्या खेडुतांनाही ती पाहता आली. आपल्या पत्रकांचे असे होत नाही. ती परिषदेनंतर कपाटामागे जातात. पत्रक गावात परत न्यावे आणि ग्रामपंचायतीत किंवा शाळेत लावावे. ते तेथे वाचले जाणार आहे, हे आधीच ठरवले की भाषाही आपोआप सरळ होते.

बाह्यांगाविषयी थोडेसे. नेहमीचा मोठा आकार सुमारे ८४ बाय ११९ सेंटिमीटर असतो. चार पावलांवरून शीर्षक आणि दोन पावलांवरून मजकूर वाचता यावा. देवनागरीत वरच्या व खालच्या मात्रांमुळे ओळींत जास्त अंतर लागते. छपाईच्या दुकानात फाँट बदलला की जोडाक्षरे फुटतात. म्हणून नमुना प्रत स्वतः वाचल्याशिवाय फ्लेक्स छापू देऊ नये.

उपक्रम : आपल्या गावातील किंवा वस्तीतील एक स्वयंसेवी काम निवडा. त्यात जे जमले नाही ते तीन वाक्यांत लिहा. ती वाक्ये त्या कामात सहभागी असलेल्या एका व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिने सुचवलेली दुरुस्ती मूळ मजकुराशेजारी नोंदवा.