पहिला प्रोग्रॅमर ठेवताय? आधी हे वाचा

ॲप किंवा वेबसाइटसाठी पहिला प्रोग्रॅमर ठेवायचा विचार करताय? मग आधी माझी चूक ऐका.

बिलिंग सॉफ्टवेअरसाठी मी एक मुलगा ठेवला होता. कामात चोख, पण एकदम अबोल. मला वाटायचं, हा काही सांगत नाही म्हणजे काम होतच नाहीये. मग दर तासाला माझा फोन, "कुठपर्यंत आलं?" दुसऱ्या महिन्यात तो सोडून गेला. नंतर आलेल्या मुलीने कोड उघडून पाहिला आणि म्हणाली, "सर, हे तर जवळजवळ पूर्ण झालंय!" तोपर्यंत ग्राहक हातचा गेला होता.

मानसशास्त्रात स्वभाव साधारण पाच गुणांवर मोजतात: नावीन्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि मनाची चलबिचल. प्रत्येकात पाचही असतात, प्रमाण वेगळं. नावीन्याची ओढ असलेल्याला नवीन फीचर द्या, खूश! त्यालाच जुन्या कोडमधले बग शोधायला बसवलं की कंटाळतो. तिथे शिस्तीचा माणूस रमतो. अंतर्मुख माणसाला बहुतेकदा लिहून दिलेलं काम आणि सलग शांत वेळ लागतो.

हा सलग वेळ आपल्याला कळतच नाही, कारण आपला दिवस तासातासाचा. पॉल ग्रॅहम यांनी 2009 च्या एका लेखात हेच मांडलंय: मॅनेजर तासाच्या हिशोबाने चालतो, प्रोग्रॅमरला निदान अर्धा दिवस सलग लागतो. मध्येच एक मीटिंग घातली की अख्खी दुपार फुकट.

पण म्हणून स्वभावाची टेस्ट घेऊन भरती करू नका हं. पेअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे एका कॉम्प्युटरवर दोघांनी मिळून कोड लिहिणं, यावर 2010 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 196 व्यावसायिक प्रोग्रॅमर होते. जोडीचं काम कसं होईल हे सांगायला स्वभावापेक्षा कौशल्य आणि कामाची अवघडता जास्त उपयोगी ठरली. म्हणजे निवड कौशल्यावर करा, स्वभाव बघा तो काम कसं द्यायचं हे ठरवायला.

मुलाखतीत सरळ विचारा: एकट्याने काम आवडतं की जोडीने? फोन केलेला चालतो की मेसेज? दिवसातला कुठला वेळ अजिबात मोडायचा नाही?

मी आता आठवड्यातून दोनदा, सकाळी 11 ला पंधरा मिनिटं बोलतो. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर लिहून. उत्तर संध्याकाळी आलं तरी फोन करत नाही. हात शिवशिवतात, खोटं कशाला बोलू!