हळदीचें व रताळ्याचें बेणें

सांगली व सातारा या जिल्ह्यांतील बागाइतदारांस हळदीचें पीक नवें नाहीं. तथापि बेण्याच्या बाबतींत पुष्कळ ठिकाणीं हयगय होते, म्हणून त्याचा येथें थोडा विचार करितों.

हळदीस लागणीजोगें बीं धरत नाहीं. लागण गड्ड्यापासूनच करावी लागते. सबब ज्यास आपण बेणें म्हणतों, तें जुन्या झाडाचाच जिवंत तुकडा होय. झाडाचे गुण त्यांत जसेच्या तसे उतरतात, आणि कंदकूजही त्याच वाटेनें नव्या शेतांत शिरते. जात कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राची 'फुले स्वरूपा' असो वा जुनी राजापुरी असो, बेणें रोगट असल्यास जातीचा गुण काय कामाचा? यास्तव निवड काढणीच्या ढिगांतून न करितां उभ्या पिकांतच करावी. जेथें पानें अकालीं पिवळीं पडलीं, तेथील गड्डा कितीही मोठा असो, तो वगळावा.

निरोगी, फुगीर डोळ्यांचा, ५० ग्रॅमांहून अधिक वजनाचा जेठा गड्डा सर्वांत उत्तम. एकरीं सुमारें १० क्विंटल बेणें लागतें. उधारीचा तगादा लागला असतां एवढा माल दोन-अडीच महिने राखून ठेवणें लहान शेतकऱ्यास जड जातें, हें आम्ही जाणतों. तरी निदान अर्ध्या एकराचें बेणें घरचें असावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. मुळ्या साफ करून, झाडाच्या दाट सावलींत ढीग घालून तो हळदीच्याच पाल्यानें झाकावा. (हरिपूरचीं प्रसिद्ध पेवें शिजवून वाळविलेल्या हळदीसाठीं होतीं, कोंडलेल्या जागेंत जिवंत गड्डा गुदमरतो.) अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, डोळा वर ठेवून लागण करावी.

बेणें थोडें असल्यास एकेका डोळ्याचे तुकडे करून, बुरशीनाशकांत बुडवून, ट्रेमध्यें नारळाच्या भुशांत व गांडूळखतांत रोपें करितां येतात. महिना-सव्वा महिन्यानें तीं शेतांत लावावीं. बेण्याची मोठी बचत होते. मात्र कापलेली जागा कुजण्यास सोपी, म्हणून या कामीं ओल बेताची ठेवावी.

रताळ्याची रीत उलट आहे. तेथें कंद रोपवाटिकेंत पुरून वेल वाढवावयाचा आणि शेतांत वेलाचे फाटे लावावयाचे. शेंड्याकडील वीतभर लांबीचा फाटा घ्यावा. मधले डोळे मातींत व दोन्ही टोकें बाहेर ठेवावीं. कापलेले फाटे पानांसह एक-दोन दिवस सावलींत ठेवून मग लाविल्यास मुळ्या लवकर धरतात.