ओढ्यातील कवकांचे बीजाणू

ओढ्यात पडलेली पाने काही दिवसांत काळपट व मऊ होतात. पाने कुजली, असे आपण म्हणतो; परंतु हे कुजविण्याचे बरेचसे काम कवकांच्या एका विशिष्ट समूहाचे असते. कवकांचे तंतू पानात पसरून त्यातील चिवट द्रव्यांचे विघटन करतात. अशी मऊ झालेली पाने पाण्यातील कीटकांच्या अळ्या व इतर लहान प्राणी अधिक आवडीने खातात आणि त्या प्राण्यांवर मासे जगतात. तेव्हा वाहत्या पाण्यात कवकाच्या बीजाणूला नवे पान सापडते की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

जमिनीवरील अनेक बुरशींचे बीजाणू गोल किंवा अंडाकार असतात. असा कण प्रवाहात पडला, तर पानाला निसटता स्पर्श करून तो पुढे वाहून जाण्याचा संभव अधिक. ओढ्यातील कवकांचे बीजाणू निराळ्याच घडणीचे असतात. इंग्लंडमधील लेस्टरजवळच्या ओढ्यात अल्डर वृक्षाची कुजकी पाने तपासून सी. टी. इंगोल्ड यांनी 1942 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. काही जाती त्यापूर्वीही ठाऊक होत्या. परंतु असा संपूर्ण समूहच प्रवाहात नांदतो, हे त्यांच्या निबंधाने स्पष्ट झाले.

यांतील अनेक बीजाणूंना चार भुजा असतात. सराट्याचा काटा डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे रचना ध्यानात येईल. काटा कसाही पडो, त्याची काही टोके जमिनीला टेकतातच. तसाच हा बीजाणू पानावर आदळला की तीन भुजांची टोके एकाच वेळी टेकतात आणि तिवईप्रमाणे तो स्थिर होतो. टेकलेल्या टोकांतून चिकट द्रव्य स्रवते व पुढे अंकुर फुटतात. जॉन वेब्स्टर यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चार भुजांचे बीजाणू इतर आकारांच्या बीजाणूंपेक्षा अधिक प्रमाणात अडकतात, असे आढळले. भुजांमुळे बीजाणू सावकाश बुडतो, हा फायदा खळाळत्या पाण्यात फारसा महत्त्वाचा दिसत नाही.

आता खरी लक्षणीय गोष्ट पाहू. लेमोनिएरा या कवकात बीजाणूच्या चारही भुजा एका मध्यबिंदूपासून एकदम वाढतात. आर्टिक्युलोस्पोरात प्रथम एकच भुजा लांबते आणि तिच्या शेंड्यावर उरलेल्या तीन कळ्यांप्रमाणे फुटतात. क्लॅव्हेरिऑप्सिसचा बीजाणू तर लवंगेसारखा असून तिच्या रुंद माथ्यावरून तीन भुजा पसरतात. पूर्ण वाढल्यावर तिन्ही सारखे दिसतात, पण वाढीचे मार्ग निराळे. म्हणून केवळ आकारावरून नाते ठरविणे धोक्याचे आहे. चार भुजांचे बीजाणू कवकांच्या दोन मोठ्या, परस्परांपासून दूरच्या वर्गांत स्वतंत्रपणे उत्पन्न झाले आहेत. बीजाणू तंतूवर वाढत असताना पाहिल्याखेरीज अभ्यासकाने नाव देण्याची घाई करू नये.

सर्वच बीजाणू चतुर्भुज नसतात. अँग्विलोस्पोराचे बीजाणू अवग्रहासारखे वळलेले, सडपातळ असतात. तेही प्रवाहात वळताना टोकाने पानाला चिकटतात.

हे सारे पाहण्यास मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. दगडांमागे किंवा लहान धबधब्याखाली साचलेल्या फेसात बीजाणू अडकून राहतात. सह्याद्रीतील ओढ्यांतही ही कवके आढळतात. फेस चमच्याने बाटलीत घ्यावा व त्याच दिवशी तपासावा, कारण पुढे बीजाणू अंकुरू लागतात. काचपट्टीवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता वाळूच्या कणांमध्ये हे काटे ओळखू येतात. पुष्कळ जातींत भुजांच्या टोकांमधील अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते.