दारातल्या कुत्र्याला बेदाणा नको

तासगाव, मिरज भागातल्या वस्त्यांमधून आपल्या कितीतरी आयाबहिणी बेदाण्याच्या शेडवर निवडायला जातात. त्यामुळे घरात मूठभर बेदाणा असतोच. पोरं चार दाणे स्वतः खातात, दोन पिल्लाला टाकतात. आम्हीही कौतुकानं टाकलेत. पण द्राक्षं, बेदाणा, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही; चार-पाच किलोच्या कुत्र्याला थोडंही पुष्कळ होतं. बुद्धपौर्णिमेला विहारात उरलेली खीर त्याच्यापुढे ठेवताना हे ध्यानात असू द्या.

कांदा-लसणाचं कालवण, चॉकलेट नकोच. शिजवलेलं हाड फुटून आतड्यात टोचतं. साताऱ्याचा कंदी पेढा विषारी नाही, पण एवढा खवा आणि साखर लहान जिवाला झेपत नाही.

भात किंवा भिजवलेली भाकरी, त्यात उकडलेलं अंडं नाहीतर हाडं काढलेलं चिकन, सगळं बिनमिठा-तिखटाचं, हे त्याला चालतं. महागडं पाकिटातलं खाणं परवडत नाही म्हणून कुणी ओशाळू नये. खाऊ म्हणून गाजराची फोड द्या. खाऊ दिवसाच्या अन्नाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको.

बेदाणा खाल्लाच, तर उलटीची वाट पाहू नका आणि मिठाचं पाणीही पाजू नका. एक-दोन दिवसांनी लघवी कमी होते, तेव्हा उशीर झालेला असतो. लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. किती खाल्ला, किती वाजता, ते डॉक्टरांना सांगा.