नर्मदेखालची शिवण

नर्मदेची परिक्रमा करून आलेले एखादे आजोबा तुमच्या गावात असतील. त्यांना विचारा, नर्मदामाई कुठे जाते? ते सांगतील, पश्चिमेला. भडोचच्या पुढे समुद्राला मिळते. आता गोदावरी, कृष्णा, महानदी आठवा. त्या पूर्वेला जातात. मग हिनेच उलटी वाट का धरली?

कारण ही वाट एकट्या नदीने कोरलेली नाही. ती जमिनीत आधीपासून होती.

घरातली गोधडी घ्या. तुकड्याला तुकडा जोडून ती शिवलेली असते. आपल्या देशाची भूमीही तशीच जोडलेली आहे, बरं का! उत्तरेला बुंदेलखंडाचा खडक, दक्षिणेला बस्तरचा. हे दोन्ही एके काळी वेगळे होते. शंभर कोटी वर्षांच्याही आधी ते एकमेकांवर आदळले आणि जोडले गेले. तो जोड आज विंध्य-सातपुड्याच्या पट्ट्यात खाली गाडलेला आहे.

गोधडी उसवते ती बहुधा शिवणीवरच. इथेही तसेच झाले. पुढे जमीन ताणली गेली, जोडाच्या कडेने लांबच लांब भेगा पडल्या आणि मधला पट्टा खचला. त्या खचलेल्या वाटेने नर्मदा पश्चिमेला गेली. शोण नदीही याच रेषेत आहे, पण ती पूर्वेकडे वाहते. जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. पाणी भेगांतून खोल उतरते, तापते आणि वर येते.

एवढी जुनी शिवण, आता ती निवांत असेल असे वाटते. पण भारताची भूमी अजून उत्तरेकडे सरकते आहे, वर्षाला चार-पाच सेंटीमीटर. पुढे हिमालय अडवतो. मग दाब मागे साठतो आणि जुनी भेग हलते. १४ मार्च १९३८ ला सातपुडा हादरला, १९७० साली भडोच. २२ मे १९९७ ला पहाटे जबलपूरला धक्का बसला. माणसे झोपेत होती. किमान ३८ जण गेले. ही हालचाल सुमारे ३५ किलोमीटर खोल झाली होती. जुन्या भेगेची एक बाजू दुसरीवर चढली होती.

माणसे मरतात ती भिंती अंगावर पडून. मातीत रचलेल्या दगड-विटांच्या भिंती आधी सुटतात. म्हणून या पट्ट्यात घर बांधताना दारे-खिडक्यांच्या वरून, चारही भिंतींना न तुटता वेढणारा, लोखंडी सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा गवंड्याकडून घालून घ्यावा. कोपऱ्यावर सळई तोडू देऊ नये. वळवून पुढे न्यायला सांगावे.