एकोणीस एकांची मूळ संख्या

ज्या संख्येस एक व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कशानेंही निःशेष भाग जात नाहीं, ती मूळ संख्या, हें आमच्या बालवाचकांस ठाऊकच आहे. सात किंवा तेरा यांचा निर्णय तोंडीं होतो. संख्या लांबली म्हणजे हाच प्रश्न भल्याभल्यांस घाम फोडतो. नुसते एक ओळीनें मांडून होणाऱ्या संख्या आपण पाहूं. टेंभुर्णीच्या कोणत्याही घरीं पाटीवर हा अभ्यास होण्याजोगा आहे.

अशा ओळींचा नाद देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांस होता. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१! अशा मनोऱ्यांस त्यांनीं ‘डेम्लो संख्या’ म्हटलें, आणि हें नांव घेतलें एका रेल्वे स्टेशनावरून.

आतां यांत मूळ संख्या कोणत्या? ११ ही आहे. एकांचे सारखे गट पडत असतील, तर संख्याही फुटते: सहा एक म्हणजे १११ × १००१. म्हणून एकांची गणती स्वतः मूळ हवी. पण तेवढ्यानें भागत नाहीं; १११ = ३ × ३७, १११११ = ४१ × २७१.

सात एकांचें काय? समजा, एखादी मूळ संख्या त्यांस भागते. मग ती ९९९९९९९ यासही भागते. अर्थात् दहाचा सातवा घात तिनें भागल्यास बाकी १ उरते. फर्माच्या सिद्धांताप्रमाणें त्या संख्येहून एकानें कमी असलेल्या घातासही बाकी १ च येते. अंकांची बेरीज सात असल्यानें ३ हा भाजक बाद झाला. तेव्हां उरलेल्या भाजकांतून एक वजा केल्यास सातानें, व भाजक विषम म्हणून चौदानेंही, भाग गेलाच पाहिजे. असे मूळ भाजक २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११. हे सातही हरतात, आणि आठवा २३९ लागू पडतो. २३९ × ४६४९ हा गुणाकार पालकांनींही एकदां करावा. आम्हांस तो फार गोड वाटतो.

अकरा, तेरा, सतरा एकांच्या ओळीही फुटतात. सतरांचे अवयव २०७१७२३ व ५३६३२२२३५७ आहेत. एकोणिसांचें वर्गमूळ १०५ कोटींवर जातें. वरील युक्तीनें ३८ च्या टप्प्यांनीं गेलें, तरी सुमारें २ कोटी ७७ लक्ष भाजक उरतात. मिनिटास एक तपासला, तर अहोरात्र बावन्न वर्षांहून अधिक लागतील! तरीही ही संख्या मूळ असल्याचें ऑस्कर हॉप्पे यांनीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत, संगणक नसतांना, सिद्ध केलें. तेवीस एकही मूळच. पुढची ओळ थेट ३१७ एकांची. तिचा निर्णय १९७८ सालीं, व १०३१ एकांचा १९८६ सालीं लागला. अशा संख्या अनंत आहेत कीं मोजक्या, हें अद्याप कोणासही सिद्ध करतां आलेलें नाहीं.

तेरा एकांस भागणाऱ्या दोन मूळ संख्या शंभराच्या आंतच आहेत. तेथें टप्पा २६ चा धरावा, आणि विद्यार्थ्यांनीं त्या स्वतः शोधाव्या.